पन्हळीतले अठरा मण

छपरावरचा बर्फ कसा काढावा, या विषयावर पिंपरीच्या कारखाना-वसाहतीत सत्तावन्न सालच्या त्या शुक्रवारपर्यंत कोणाचंही काहीही मत नव्हतं. दुपारी अडीच वाजता गारा पडल्या आणि पावणेतीनपर्यंत अख्ख्या वसाहतीची मतं पक्की झाली.

गारा अकरा मिनिटं पडल्या. हा आकडा इंदूचा. बाकी वसाहत घमेली, पातेली घेऊन अंगणात धावत होती. पोरं डोक्यावर पाट धरून गारा वेचत होती. बायका गारांचं पाणी बाटलीत भरून ठेवत होत्या, कारण ते घामोळ्यांवर लावतात, डोळ्यांना लावतात, आणि कशालाच लागलं नाही तरी घरात असावं म्हणून ठेवतात. इंदू मात्र सहा महिन्यांच्या इंद्रायणीला छातीशी धरून घड्याळाकडे बघत उभी होती.

तिचा स्वभावच मोजायचा. गणित घेऊन बी. ए. झालेली. लग्नानंतर त्या गणिताला घरात दुसरं काही काम उरलं नाही, म्हणून ते काळजीच्या खात्यात बदली होऊन आलं. पाळण्याच्या दोरीला पीळ किती, बाळाला उचक्या किती लागल्या, विहिरीच्या कठड्याला विटा किती ढिल्या आहेत, सगळं तिला पाठ. शेजारी तिला ‘काळजीवाली’ म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे. पण वसाहतीतल्या भिंती एकेरी विटेच्या होत्या.

त्यात उद्या इंद्रायणीचं उष्टावण होतं. पोरीला पहिला घास भरवायचा, तो कुठे भरवायचा यावरून दोन महिने टपालखात्याला काम मिळालं होतं. सासूबाईंचं म्हणणं नगरला करा. ‘कंपनीचं घर म्हणजे काड्यापेटी,’ असं त्यांनी लिहिलं होतं, ‘वर छप्पर आहे की नाही तेही मला नीट आठवत नाही.’ इंदूनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ‘नाही’ लिहिलं होतं. चार पानी पत्रात, तिसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. पण लिहिलं होतं. आता त्या उद्या सकाळी नऊच्या गाडीनं येणार होत्या, मागून तीस माणसं जेवायला येणार होती, आणि त्या ‘नाही’ची लाज राखणं इंदूच्या माथी होतं.

गारा थांबल्या. उन्हं आली. इंदूनं सुटकेचा श्वास सोडला, बाळाला पाळण्यात ठेवलं, आणि बाळाच्या नाकावर चुन्याचा एक पोपडा येऊन पडला.

इंदूनं वर पाहिलं. ज्या तुळईच्या कडीला पाळणा टांगला होता ती तुळई हळूच कण्हली. माणूस उठताना कमरेला हात लावून कण्हतो, तशी. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, लाकूड आहे, ऊन लागलं असेल. इंदूनं पोर उचलली, पुढच्या खोलीत नेली, आणि परसात जाऊन धुण्याच्या दगडावर चढली.

या घरांची रचना अशी, की मोठ्या छपराचा उतार मागे येतो, स्वयंपाकघराच्या छपराचा उतार पुढे येतो, आणि दोघं जिथे भेटतात तिथे पत्र्याची लांबलचक पन्हळ. त्या पन्हळीचं तोंड परसावर उघडतं. दोन्ही छपरांवरच्या गारा घसरून त्या पन्हळीत जमल्या होत्या आणि एकमेकींना घट्ट बिलगून बसल्या होत्या. तोंडाशी कडुनिंबाचा पाला अडकून बूच बसलं होतं. पन्हळ काठोकाठ पांढरी.

बारा हात लांब, हातभर रुंद, हातभर खोल. इंदूनं तिथेच दगडावर उभ्या उभ्या बोटांवर हिशेब केला. मग खात्रीसाठी पुन्हा केला. अठरा मण. म्हणजे जोंधळ्याची सात पोती. सात पोती जोंधळा कोणी पाळण्याच्या कडीवर ठेवला असता तर वसाहतीनं त्याला वेड्यात काढलं असतं. आभाळानं ठेवला तर सगळे बाटल्या भरत होते.

“काय करायलात इंदुताई दगडावर? पडताल की!” भिंतीपलीकडून कौशल्याबाई म्हणाल्या. त्या बीडकडच्या. त्यांचे मालक कारखान्यात फिटर. मन मोठं, आवाज त्याहून मोठा.

इंदूनं अठरा मण सांगितले.

“अगं माय! गारा हायत त्या, दगड न्हाईत. संध्याकाळपर्यंत पाणी होईल.”

“पाणी झालं तरी जाणार कुठे? तोंड बुजलंय. वजन तेवढंच राहणार आणि वर गळणार.”

कौशल्याबाईंनी भिंतीवरून मान लांब करून पन्हळीकडे पाहिलं. “मीठ टाका,” त्या म्हणाल्या. “गोळावाला टाकतोय का न्हाई बर्फावर? आमच्याकडं खडामीठ हाय तपेलंभर.”

शास्त्र म्हणून यात खोट नव्हती, हे इंदूनं मागाहूनही मान्य केलं. दोघींनी तपेलंभर मीठ ओंजळीओंजळीनं पन्हळीत उडवलं. वीस मिनिटांत मिठानं आपलं काम चोख केलं. गारा वितळल्या, त्यांचं खारं पाणी झालं, त्या पाण्याला खिळ्याचं एक भोक सापडलं, आणि खाली उद्याच्या शिऱ्यासाठी चाळून ठेवलेल्या चार शेर रव्यावर धार लागली. रवा गेला. वर अठरा मणांतला फार तर अर्धा मण कमी झाला. शिरा खारट करण्याची ही पद्धत नगरला ठाऊक नसावी, असा एक विचार इंदूच्या मनात येऊन गेला.

तोवर भिंतीशी माणसं जमली होती. एका बाईंनी बंबातलं कढत पाणी सुचवलं. दुसऱ्या कोणी छपरावर निखारे. आणि मग, अंगावर खाकी कोट, पायात बूट, हातात काठी अशा थाटात सोपानराव आले.

सोपानराव कारखान्याचे पहारेकरी. मूळचे चऱ्होलीचे, पूर्वी पलटणीत होते, आणि काश्मीर पाहून आले होते. वसाहतीत बर्फ पाहिलेला हा एकमेव माणूस. गेली चार वर्षं ते काश्मीरच्या गोष्टी सांगत होते आणि गेली तीन वर्षं कोणी ऐकत नव्हतं. आज त्यांचा दिवस होता.

“बाजूला व्हा,” ते म्हणाले. “आवो, ह्यो काय बरफ हाय व्हय? काश्मिरात आमी कमरंएवढा बरफ बुटानं उडिवला. ताई, शिडी आना. वर चढतो, चार लाथा हानतो, झालं काम.”

“पत्रे सिमेंटचे आहेत,” इंदू म्हणाली. “पाय दिला की फुटतील.”

“पलटनीचा मानूस हाय मी.”

“पत्र्यांना ते माहीत नाही ना, सोपानराव.”

कौशल्याबाई खुदकन हसल्या. सोपानरावांनी मिशीवरून हात फिरवला. पण शिडी हवी हे खरं होतं. पाला तरी काढायला हवा होता. आणि शिडी होती वसाहतीच्या कचेरीत. इंदूनं पोर कौशल्याबाईंकडे दिली, तिचं दूध कधी, टोपडं कसं बांधायचं, शिंकली तर काय, हे सगळं दोनदा सांगितलं आणि निघाली.

कचेरीत दौलतराव कारकून होते. गृहस्थ सज्जन, चष्मा जाड. अर्जाशिवाय त्यांनी आयुष्यात कोणाला पाणीसुद्धा विचारलं नसेल.

“शिडीचं कारण?” त्यांनी टाक दौतीत बुडवून विचारलं.

“छपरावर बर्फ साठलाय.”

टाक दौतीतच राहिला. “बाई, छापील कारणं तीन आहेत. गळती, माकडं आणि पतंग. यातलं काय लिहू?”

“यातलं काही नाही.”

“गळती लिहू? गळतंय का?”

“मिठाचं पाणी गळलं, ते थांबलं. आता तुळई वाकतेय.”

“मग पुन्हा गळलं की या,” दौलतराव समजुतीच्या सुरात म्हणाले. “तुळईचा अर्ज वेगळा. तो निळ्या कागदावर.”

इंदूला रडू आलं. ते तिनं गिळलं आणि तिला स्वतःचाच राग आला. दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी परीक्षकांसमोर उभी राहून प्रमेयं सोडवत होती. आज ती पतंग की माकड यावर अडली होती. ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “इमारतींच्या देखभालीचे तुमचे काही नियम असतील. ते मला बघायचे आहेत.”

या वाक्यानं दौलतरावांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला, की जणू त्यांच्या मुलीला कोणी मागणी घातली. त्यांनी कपाट उघडलं, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं, त्यावरची धूळ फुंकली. वसाहत बांधली तेव्हा कोणी साहेबानं एका थंड हवेच्या छावणीचे नियम जसेच्या तसे टंकून घेतले होते. त्यात अस्वलांचा बंदोबस्त होता, शेकोटीची धुराडी होती, आणि नववं प्रकरण सगळंच्या सगळं छपरावरच्या बर्फाचं होतं.

“चार वर्षं झाली बाई,” दौलतराव भरल्या आवाजात म्हणाले, “दर दिवाळीला हे पुस्तक पुसून ठेवतो. नवव्या प्रकरणाला आजवर कोणी हात लावला नाही हो.”

इंदू उभ्या उभ्या वाचू लागली. वाचता वाचता तिची मान वर येत गेली. बर्फ जमिनीवरून काढावा, छपरावर चढू नये. लांब दांड्याच्या लाकडी ओढणीनं, कडेपासून थोडा थोडा, आपल्याकडे ओढावा. उकळतं पाणी, विस्तव, लोखंडी हत्यार वर्ज्य. पत्र्यापर्यंत खरवडू नये, दोन बोटं थर राहू द्यावा. ओढणाऱ्यानं बर्फाच्या वाटेत उभं राहू नये, बाजूला राहावं. ज्या जागी बर्फ पडणार ती आधी ठळक रेघेनं आखून घ्यावी आणि त्या रेघेच्या आत कोणालाही येऊ देऊ नये. काम झाल्यावरही चोवीस तास ती जागा मोकळी ठेवावी.

तिच्या मनात आलं, हे ज्यानं लिहिलं तो माणूस नक्की माझ्यासारखाच काळजीवाला असणार.

“पण त्यासाठी बर्फाची ओढणी लागेल,” दौलतराव म्हणाले. “ती गोदामात नाही. मागवली तर पंधरा दिवस. शिवाय इंजिनियरसाहेबांची सही, आणि साहेब गेलेत पुण्याला.”

इंदूनं पानावर बोट ठेवलं. “इथे काय लिहिलंय बघा. जमिनीवरून काढायचा असेल तर रहिवाशाला परवानगी लागत नाही.”

दौलतरावांनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा वाचलं. “लागत नाही,” ते हळूच म्हणाले. त्यांच्या नोकरीत हे वाक्य ते प्रथमच उच्चारत असावेत. मग त्यांनी पुस्तक काखेला मारलं आणि कचेरीला कुलूप लावलं. “चला. नववं प्रकरण चालू असताना मी हजर असायला हवा.”

परतताना ओढणीचा प्रश्न इंदूच्या डोक्यात घोळत होता, तो छबूबाईंनी सोडवला. छबूबाई पिंपरी गावातल्या. गावाची जमीन कारखान्यात गेली तेव्हा यांचंही एक वावर गेलं होतं. आता त्या वसाहतीला दूध घालत. लांब दांडा, लाकडाचे दात, आपल्याकडे ओढायचं, असं इंदूनं हातवारे करून सांगितलं.

“म्हंजी दाताळं की!” छबूबाई म्हणाल्या. “खळ्यावर भुसकाट वढतो त्ये. आमच्या घरी दोन हायती. येवढ्यासाठी तुमी हापिसात गेला व्हता?”

“हो.”

“शिकलेली मानसं,” छबूबाई म्हणाल्या, आणि दुधाची चरवी तिथेच ठेवून दाताळं आणायला गेल्या.

कपडे वाळत घालायचा बांबू दाताळ्याच्या दांड्याला काथ्यानं बांधला. इंदूनं गाठी स्वतः घातल्या, सहा. पदर खोचला. आता ठळक रेघ. चुना घरात नव्हता. तिनं देवघरातून रांगोळीचा डबा आणला आणि पन्हळीच्या तोंडाखाली, परसाच्या भिंतीपासून मागच्या दारापर्यंत, चांगला वीस पावलांचा अर्धगोल काढला. जाड, भरघोस, मुठीनं. पन्नास माणसं जमली होती, पोरं धरून. एरवी ‘मागे सरा, मागे सरा’ म्हणून घसा फुटला असता. पण रांगोळीवर पाय कोण देणार? आपोआप सगळे कडेनं उभे राहिले, एकदोन म्हाताऱ्यांनी तर नमस्कारही केला.

फक्त एक माणूस जागेवर नव्हता. ते इंदूच्याच लक्षात आलं. “सोपानराव कुठेत?”

सोपानराव वर होते. सगळे रांगोळीकडे बघत असल्याची संधी साधून ते परसाच्या भिंतीवर चढले होते, तिथून स्वयंपाकघराच्या छपराच्या कडेला पोचले होते, आणि आता एक बूट पत्र्यावर टेकवायच्या बेतात होते.

“सोपानराव! पाय मागे घ्या!”

हा आवाज वसाहतीनं यापूर्वी ऐकला नव्हता. इंदूनंही ऐकला नव्हता. झाडावरचे कावळे उडाले. सोपानरावांचा पाय हवेत तसाच राहिला, पलटणीत राहायचा तसा. मग तो सावकाश मागे आला आणि ते भिंतीवर दोन्हीकडे पाय टाकून बसले. उतरता मात्र येईना.

“काश्मिरात कसं उतरत होता हो?” कौशल्याबाईंनी इंद्रायणीला खांद्यावर थोपटत विचारलं.

सोपानरावांनी भिंत दोन्ही हातांनी धरली. “खरं सांगू का ताई,” ते इंदूला म्हणाले, “मी व्हतो लंगरखान्यात. डाळ शिजवाया. बरफ काडा म्हनून हुकूम व्हता. मी म्हनलं, वितळंल सांजच्याला. तर रातच्याला समदं छप्पर डाळीत. आत कुनी न्हवतं म्हनून वाचलो.” त्यांनी मान खाली घातली. “तवापासून वाटतं, एकदा तरी आपल्या पायानं काडावा.”

इंदूनं हातातला बांबू घट्ट धरला. “तुम्ही तिथेच बसा, सोपानराव,” ती म्हणाली. “वरून तुम्हालाच दिसतंय. ढीग हलला की ओरडायचं. हा तुमचा पहारा.”

सोपानरावांनी भिंतीवर बसल्या बसल्या सलाम ठोकला.

मग सुरू झालं. दौलतराव रेघेबाहेर उभं राहून नियम मोठ्यानं वाचत होते, छबूबाई बांबूला मागून आधार देत होत्या, आणि इंदू बाजूला राहून कडेपासून थोडं थोडं ओढत होती. पहिला झटका हवेत गेला. दुसऱ्यात कडुनिंबाचा पाला आला, आणि त्याबरोबर गेल्या वर्षी हरवलेला कौशल्याबाईंचा पितळी डाव. तिसऱ्यात गारांचं घमेलंभर ढेकूळ धप्पकन रांगोळीत पडलं आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. तळातलं पाणी सुटलं. पन्हळीच्या तोंडातून धार लागली. हात भरून आले, चोळी घामानं भिजली, केसांत गारा अडकल्या; पण प्रत्येक ओढीला ती मनात वजाबाकी करत होती. सतरा. साडेसोळा. सोळा.

बारा मणांवर असताना उद्धवराव आले. उद्धवराव म्हणजे इंदूचे यजमान, कारखान्यात नकाशे काढत. शिफ्ट सुटली, सायकलवरून नेहमीसारखे मागच्या बाजूनं आले, आणि परसात अर्धी वसाहत, भिंतीवर पहारेकरी आणि बायकोच्या हातात दाताळं पाहून गांगरले.

“अगं, हे काय चाललंय? उद्या वितळलं असतं सगळं. आई येणार, आणि तू…” असं म्हणत ते सायकल ढकलत नेहमीच्या वाटेनं मागच्या दाराकडे निघाले. चाक रांगोळीवर आलं.

“हललं!” भिंतीवरून सोपानराव गरजले. “हललं, ताई!”

“रेघेच्या बाहेर!” इंदू ओरडली.

उद्धवराव गणिताचे नव्हते, पण तो आवाज ऐकून त्यांनी सायकल सोडली आणि उडी मारली. पुढच्या क्षणी उरलेला जवळजवळ सगळा ढीग, खालचं पाणी मिळून निसटता झालेला, आगगाडीसारखा पन्हळीतून सरकत आला आणि ट्रंकेएवढ्या ठोकळ्यांनी सायकलीवर कोसळला. सगळं शांत झालं. बर्फाखालून सायकलीची घंटा एकदाच, अगदी बारीक, वाजली.

उद्धवरावांनी सायकलीकडे पाहिलं. मग जिथे ते स्वतः उभे असते त्या जागेकडे. मग बायकोकडे.

“किती होतं गं ते?” त्यांनी विचारलं.

“अकरा मण,” इंदू म्हणाली. “वर दोन बोटं राहू दिलंय. तसा नियम आहे.”

घरात तुळई पुन्हा एकदा कण्हली. या खेपेला बसताना कण्हतात तशी, सुटल्यासारखी. कौशल्याबाईंनी इंद्रायणीला आईच्या हातात दिलं आणि त्यांच्या आवाजाच्या मानानं अगदी हळू म्हणाल्या, “इंदुताई, आमच्या पन्हळीतबी बघता का हो जरा?”

सूर्य बुडायच्या आत इंदूनं त्या ओळीतल्या पाच पन्हळी मोकळ्या करून दिल्या. प्रत्येक घरासमोर आधी रांगोळी, मग दाताळं. पाचव्या घरी तर तिला पाट मांडून चहा दिला. वसाहतीतला एकमेव आइस्क्रीमचा पॉट कोणीतरी बाहेर काढला, रांगोळीबाहेर घरंगळलेला बर्फ त्यात भरला, आणि कौशल्याबाईंच्या खडामिठाला अखेर योग्य जागा मिळाली. छबूबाईंनी दूध दिलं. सोपानरावांना उतरवायला चार माणसं लागली, पण पॉटचं हँडल शेवटपर्यंत त्यांनीच फिरवलं. दौलतरावांनी पुस्तकाच्या समासात तारीख घातली आणि ‘बर्फाची ओढणी’ या शब्दांपुढे देवनागरीत सुबक लिहिलं, ‘दाताळं’.

सकाळी नऊच्या गाडीनं सासूबाई आल्या. टांग्यातून उतरल्या त्याच छपराकडे बघत. आत येऊन त्यांनी तुळईकडे पाहिलं, पाळण्याच्या कडीला तीन वेळा हिसडा दिला. नव्या रव्याचा शिरा चमचाभर चाखला. मग पाय धुवायला मागच्या दारी गेल्या आणि थबकल्या.

परसात नव्यानं काढलेला वीस पावलांचा अर्धगोल होता. जाड, भरघोस, मुठीनं काढलेला. मधोमध गारांचा खाटेएवढा ढीग अजून झिरपत होता, आणि त्यातून सायकलीचं एक चाक वर आलं होतं.

“ही कुठली रांगोळी म्हणायची, सूनबाई?” त्यांनी विचारलं. “आणि पाण्याच्या वाटेतच?”

इंदू इंद्रायणीला काखेत घेऊन दारात आली. कालपर्यंत या प्रश्नाचं उत्तर तिनं तिसऱ्या पानाच्या तळाशी दिलं असतं.

“आजचा दिवस आत जायचं नाही, सासूबाई. चोवीस तास व्हायचेत,” ती म्हणाली. “कडेनं या.”

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, वर पन्हळीकडे पाहिलं, पुन्हा सुनेकडे पाहिलं. मग त्यांनी निऱ्या किंचित उचलल्या आणि वीसच्या वीस पावलं रेघेच्या कडेकडेनं चालत गेल्या. इंदूनं ती मोजली.